प्राथमिक खगोलपाठातील चार आकृत्या : एक परीक्षण

पृथ्वी गोल असून ती स्वतःभोवती फिरते. ती सूर्याभोवतीही फिरते व त्यामुळे ऋतू होतात. चंद्र परप्रकाशी असून त्याच्या कला बदलतात. आणि पृथ्वीच्या पोटात थर आहेत. ही चार विधाने प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मुलांना तोंडपाठ असतात. या चार विधानांच्या जोडीला चार आकृत्याही जवळजवळ ठरून गेल्या आहेत. पहिली, अर्धा उजळ व अर्धा काळा असा पृथ्वीगोल. दुसरी, सूर्याभोवतीच्या लंबवर्तुळावर चार ठिकाणी काढलेली पृथ्वी. तिसरी, पृथ्वीभोवती कडे करून बसलेले आठ चंद्र. आणि चौथी, फोड काढलेल्या फळासारखी कापलेली पृथ्वी. भाषा बदलली, देश बदलला, कागद गुळगुळीत झाला, तरी या आकृत्यांत फारसा फरक पडत नाही.

त्यांच्या शास्त्रीय खरेपणाविषयी येथे वाद नाही. योग्य रीतीने वाचल्यास चारही आकृत्या बरोबरच आहेत. प्रश्न आहे तो त्यांच्या स्थानाचा व क्रमाचा. या चारही आकृत्या जेथून पाहिल्यासारख्या काढलेल्या असतात तेथे कोणतेही मूल कधी उभे राहिलेले नाही. मूल अंगणात उभे आहे. आकृती अंतराळात उभी आहे. अंगणातून काय दिसते हे न विचारता अंतराळातून काय दिसेल हे सांगितले, म्हणजे उत्तर हाती येते. परंतु ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कळत नाही. अशा उत्तराचे पाठांतर होऊ शकते, आकलन होऊ शकत नाही. प्राथमिक खगोलपाठाचा मूलभूत दोष हा आहे, आणि त्याचा विचार महाराष्ट्राच्या आकाशाखाली केला तर तो अधिकच ठळकपणे नजरेस येतो.

१. अर्धा उजळ पृथ्वीगोल

पृथ्वीच्या आकाराविषयी मुले प्रत्यक्षात काय समजतात, याचा पद्धतशीर शोध जोसेफ नुसबॉम व जोसेफ नोवाक यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून जोमाने सुरू झाला. ‘पृथ्वी गोल आहे’ असे बिनचूक सांगणारे मूल पुढच्याच प्रश्नाला, गोलाच्या खालच्या बाजूची माणसे पडतील, असे उत्तर देते, ही गोष्ट अशा मुलाखतींतून पुढे आली. स्टेला वोस्नियादू व विल्यम ब्रूअर यांनी १९९२ साली अमेरिकेतील ६० मुलांच्या उत्तरांवरून असे प्रतिपादन केले की, मूल ऐकलेले वाक्य व पाहिलेली जमीन यांची तडजोड करते. कोणी पृथ्वीला थाळीसारखी गोल मानते. कोणी पोकळ चेंडूच्या आत सपाट जमीन कल्पिते. कोणी तर दोन पृथ्वी मानते, एक पायाखालची सपाट व दुसरी आकाशातली गोल. याच पद्धतीने हैदराबाद येथील मुलांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पृथ्वी पाण्यावर आधारलेली आहे, या कल्पनेचा आढळ विशेष होता.

या निष्कर्षांवर पुढे आक्षेप आले, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. गॅव्हिन नोब्स व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली लंडनमधील आशियाई व श्वेतवर्णीय मुलांना चित्र काढावयास न सांगता तयार प्रतिकृतींतून निवड करावयास सांगितले. तेव्हा सुसंगत अशा चुकीच्या कल्पना फारशा आढळल्या नाहीत. आढळले ते ज्ञानाचे सुटे तुकडे. म्हणजे ‘दोन पृथ्वी’ मुलाच्या मनात होत्या की कागदावर चित्र काढण्याच्या अडचणीतून निघाल्या, हा प्रश्न उरतोच. येथे त्या वादाचा निर्णय करण्याचे कारण नाही. एवढे मात्र दोन्ही पक्षांच्या कामांतून निष्पन्न होते की, सपाट कागदावरील गोलाची आकृती हे ज्ञान देण्याचे साधन म्हणून जितके संशयास्पद आहे, तितकेच ते ज्ञान मोजण्याचे साधन म्हणूनही आहे.

कागदाला वर व खाली असते. पृथ्वीला तसे नसते. आकृतीच्या तळाशी उभा केलेला माणूस उलटा दिसतो, कारण वाचणारा कागदाचे ‘खाली’ सोडू शकत नाही. यावर उपाय साधा आहे. वर्गातील पृथ्वीगोल उन्हात न्यावा, आपले गाव अगदी माथ्यावर येईल असा तो फिरवावा आणि त्याचा आस उत्तरेस ध्रुवाच्या दिशेने करावा. अशा गोलावर उजेड व काळोख यांची सीमा त्या क्षणी खऱ्या पृथ्वीवर असते तेथेच पडते. गोलावर आपल्या गावी रोवलेल्या टाचणीची सावली मैदानातील काठीच्या सावलीच्याच दिशेस पडते. आता माथ्यावर मूल स्वतः उभे आहे, आणि ‘खाली’ म्हणजे गोलाच्या केंद्राकडे, हे सांगण्यास आधार मिळतो.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट उघड होते. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहे. म्हणून ध्रुव तारा तेथे क्षितिजापासून साडेअठरा अंशांवरच दिसतो आणि अशा रीतीने ठेवलेल्या गोलाचा आस जवळजवळ आडवा होतो. बाजारात मिळणारा गोल मात्र साडेतेवीस अंश कललेला, जवळजवळ उभा असतो. तो कल कक्षेच्या पातळीच्या संदर्भात आहे, शाळेच्या जमिनीच्या संदर्भात नाही. हा भेद न सांगितल्यामुळे पृथ्वी ‘किंचित वाकडी’ आहे एवढीच कल्पना मनात राहते. वाकडी कशाच्या मानाने, हा प्रश्न उपस्थितच होत नाही.

प्रश्न आधी व उत्तर मागून, हा क्रम या भूमीला नवा नाही. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’ या ११५० सालच्या ग्रंथातील गोलाध्यायात, पृथ्वी गोल असता ती सपाट का दिसते, हा आक्षेप विचारात घेतलेला आहे. वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा अंश सरळ भासतो. पृथ्वी विशाल व मनुष्य अत्यंत लहान, म्हणून त्याच्या दृष्टीस येणारा भाग सपाटच वाटणार, असे त्याचे समाधान आहे. डोळ्यांना दिसते ते खोटे ठरवून नव्हे, तर तसे का दिसते हे सांगून भास्कराचार्य गोलाकडे नेतात. पाठ्यपुस्तकाने एवढे केले तरी बरेचसे साधेल.

२. लंबवर्तुळावरील चार पृथ्वी

ऋतूंच्या आकृतीत कक्षा तिरक्या दृष्टीने काढलेली असते. त्यामुळे ती चांगलीच लांबट दिसते आणि पृथ्वी कधी सूर्याजवळ, कधी दूर, असे दृश्य उभे राहते. जवळ तेव्हा उन्हाळा व दूर तेव्हा हिवाळा हा सार्वत्रिक गैरसमज या दृश्यातून निर्माण झाला नसला, तरी पोसला निश्चित जातो. १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाच्या दिवशी विद्यार्थी व अध्यापक मिळून २३ जणांना ऋतूंचे अथवा चंद्रकलांचे कारण विचारण्यात आले. २१ जणांना ते नीट सांगता आले नाही, असे त्या प्रसंगावरील प्रसिद्ध चित्रपट नोंदवतो.

वस्तुतः कक्षा इतकी वर्तुळाकार आहे की, १० सेंटिमीटर त्रिज्येची आकृती काढली तर तिच्या मोठ्या व लहान अर्धाक्षांतील फरक मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाएवढा येईल. पेन्सिलीची रेघही त्याहून जाड असते. सूर्य मात्र मध्यापासून पावणेदोन मिलिमीटर सरकलेला दाखवावा लागेल. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लक्ष किलोमीटर, तर जुलैच्या आरंभी १५ कोटी २१ लक्ष किलोमीटर दूर असते. पुण्याचे मूल ज्या महिन्यात स्वेटर घालते त्याच महिन्यात सूर्य सर्वांत जवळ असतो.

येथपर्यंतचा आक्षेप जगातील कोणत्याही देशाच्या पुस्तकाला लागू आहे. महाराष्ट्रात एक वेगळी अडचण आहे. ही आकृती समशीतोष्ण कटिबंधासाठी सिद्ध झाली आहे. तीत २१ जूनच्या पृथ्वीजवळ ‘उन्हाळा’ असे लिहिलेले असते. परंतु २१ जूनला महाराष्ट्रात उन्हाळा नसतो. पावसाळा सुरू झालेला असतो. येथला कडक उन्हाळा एप्रिल व मे महिन्यांचा. मुलाचा अनुभव व आकृती यांत सरळ विरोध आहे, आणि परीक्षेत गुण आकृतीला मिळतात.

या विरोधाचा उलगडा अवघड नाही. किंबहुना तोच खरा धडा आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे महाराष्ट्रात सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतो. पुण्यास हा शून्य सावलीचा दिवस १४ मेच्या व ३० जुलैच्या सुमारास, तर नागपुरास २६ मेच्या व १७ जुलैच्या सुमारास येतो. मे महिन्यात सूर्य माथ्यावर, आकाश निरभ्र व जमीन कोरडी असते. पुढे मोसमी वारे ढग व पाऊस आणतात आणि सूर्य जवळजवळ तितकाच उंच असूनही तापमान उतरते. ऋतू केवळ आसाच्या कलाने ठरत नाही. समुद्र, वारा व पाऊस यांचाही त्यात भाग आहे, हे मराठी मुलाला लंडनच्या मुलाआधी शिकता येते. परंतु त्यासाठी आकृती त्याच्या आकाशाला जुळती केली पाहिजे.

ती जुळती करण्यास एक मीटर उंचीची काठी पुरते. पुण्यास २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तिची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते. २१ मार्चला सुमारे ३३ सेंटिमीटर. मेच्या मध्यास शून्य. आणि २१ जूनला ऊन पडलेच तर ती आठ-नऊ सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे. आजवर उत्तरेकडे पडणारी सावली दक्षिणेस वळली, या एका घटनेत आसाच्या कलाचा प्रश्न जितका तीव्रतेने उभा राहतो, तितका चार पृथ्वींच्या आकृतीत कधीच राहत नाही.

३. आठ चंद्रांचे कडे

तिसरी आकृती सर्वांत दुर्बोध आहे, कारण तीत दोन दृष्टी एकत्र आल्या आहेत. आतील कड्यातील चंद्र अंतराळातून पाहिल्यासारखे अर्धे उजळ असतात. बाहेरील कड्यातील चंद्र पृथ्वीवरून दिसतात तसे काढलेले असतात. एकाच कागदावर दोन ठिकाणी उभे राहण्याची ही कसरत मोठ्यांनाही साधत नाही. त्यात चंद्र पृथ्वीला इतका जवळ काढलेला असतो की, तिची सावली त्यावर दरमहा पडलीच पाहिजे असे वाटते. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, या गैरसमजाला आकृतीच अशा रीतीने साक्ष देते.

प्रमाण राखले तर चित्र निराळे होते. पृथ्वी एक सेंटिमीटरची घेतली तर चंद्र तिच्यापासून ३० सेंटिमीटरवर असला पाहिजे. सूर्य मीटरभराहून थोडा मोठा, आणि सुमारे ११७ मीटरवर, म्हणजे बहुधा शाळेच्या फाटकाबाहेर. चंद्राची कक्षा पाच अंश कललेली असल्यामुळे तो पृथ्वीच्या सावलीच्या वर अथवा खाली अडीच सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या दुपटीहून अधिक अंतराने, निसटू शकतो. ग्रहण दर पौर्णिमेस का होत नाही, याचे उत्तर येथे आपोआप मिळते.

या विषयात मराठी घराइतकी अनुकूल जागा क्वचितच असेल. संकष्टीच्या दिवशी चंद्रोदयाची वेळ दिनदर्शिकेत पाहिली जाते आणि जेवण त्यासाठी थांबते. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र कृष्ण चतुर्थीला तीन-साडेतीन तास उशिरा का उगवतो, हा प्रश्न भुकेल्या मुलाला शिकवावा लागत नाही. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे मागे पडतो, हे ज्ञान त्या घरात आधीच नांदत असते. तिथी हा शब्द तर उघडच खगोलीय आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकण्यास लागणारा काळ म्हणजे एक तिथी. अशा ३० तिथींचा, सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, चांद्रमास. शुक्ल अष्टमीच्या दुपारी सूर्य व अर्धा चंद्र एकाच वेळी आकाशात असतात. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेस पडणार; मग त्या चंद्राचा काळा अर्ध सावलीमुळे कसा असेल? एवढा एक प्रश्न गैरसमजाच्या खंडनास पुरेसा आहे, आणि तो विचारण्यास आकृती लागत नाही.

मराठीत या वाटेचे एक उत्तम उदाहरणही आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) हे व्यवसायाने शिक्षक. त्यांच्या ‘ज्योतिर्विलास’ या ग्रंथाचे उपशीर्षक ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. वाचकाला आधी रात्रीच्या आकाशाखाली आणावे व मग शास्त्र सांगावे, हा हेतू या उपशीर्षकातच सूचित आहे. पुढील काळातील शालेय पुस्तकांनी हा धागा पुरेशा गांभीर्याने हाती घेतला, असे म्हणता येत नाही.

परंपरेची भाषा मात्र तपासल्यावाचून स्वीकारता येणार नाही. उत्तरायण मकरसंक्रांतीला लागते असे घरी सांगितले जाते. काठीची सावली मात्र २२ डिसेंबरपासूनच आखडू लागते. अयनचलनामुळे हे दोन दिवस सुमारे ७२ वर्षांस एक दिवस या गतीने एकमेकांपासून दूर जात आहेत. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी ते एकत्र होते. सायन पंचांगाचा पुरस्कार करणाऱ्यांत स्वतः दीक्षित होते, आणि १९५७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरलाच येतो. मृग नक्षत्र जूनच्या ७–८ तारखेस लागते, यातही सूर्याच्या ताऱ्यांमधील स्थानाचे अचूक निरीक्षण आहे; पण त्या नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस वर्तवणे हे शास्त्र नव्हे. शब्द घ्यावा, त्यातील निरीक्षण घ्यावे, आणि त्याचा निवाडा सावलीकडून करून घ्यावा, हीच विवेकाची रीत होय.

४. कापलेली पृथ्वी

कवच, प्रावरण व गाभा दाखवणारी चौथी आकृती पाहून मुलाला वाटते की, कोणीतरी पृथ्वी कापून पाहिली आहे. वास्तविक मनुष्याने आजवर खणलेले सर्वांत खोल विवर, रशियातील कोला येथील, सव्वाबारा किलोमीटरच्या किंचित पुढे गेले. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. गाभा आहे हे कळले ते भूकंपलहरींमुळे. १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ साली गाभ्याचा पुरावा मांडला. इंगे लेमान यांनी १९३६ साली आतील गाभा वेगळा असल्याचे दाखविले. लपलेली वस्तू न पाहता कशी ओळखावी, हे शास्त्राचे सर्वांत रम्य अंग. आकृतीतून नेमके तेच गळते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या प्रदेशात तरी ते गळू नये.

थरांची कल्पना देण्यासाठीही पृथ्वी कापण्याची आवश्यकता नाही. सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात कड्यांच्या आडव्या पायऱ्या दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरून त्या बनल्या. घराच्या जोत्याचा काळा दगड, रस्त्यावरचा मुरूम, कोकणातील जांभा व देशावरची काळी माती ही सर्व त्याच प्रवाहांची निरनिराळी रूपे वा त्यांच्या झिजेची फळे. या शब्दांशी मुलाची ओळख आहे. त्यांच्यातील नाते मात्र त्याला कोणी सांगत नाही.

५. आक्षेप व निष्कर्ष

या मताविरुद्ध तीन आक्षेप संभवतात. पहिला, निरीक्षणास आकाश मोकळे असावे लागते व येथील शालेय वर्षाचे पहिले चार महिने ढगांचे असतात. हे खरे आहे. शून्य सावलीचा एक दिवस सुट्टीत व दुसरा पावसात जातो. परंतु डिसेंबर ते मार्च आकाश स्वच्छ असते आणि त्याच काळात सावली ९० सेंटिमीटरवरून ३३ वर येते. दुसरा आक्षेप, शहरातील मुलांना तारेच दिसत नाहीत. तारे दिसत नसले तरी सूर्य व चंद्र मुंबईच्या गच्चीवरूनही दिसतात, आणि येथील बहुतेक प्रयोग या दोहोंवरच अवलंबून आहेत.

तिसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अंगणातून पाहिले तर सूर्यच पृथ्वीभोवती फिरताना दिसतो. मग निरीक्षणातून खरे ज्ञान कसे मिळणार? याचे उत्तर असे की, निरीक्षण सिद्धांत देत नाही, प्रश्न देते. प्रश्नातून सिद्धांताकडे जाताना आकृती हवीच. परंतु तिथवर पोहोचण्यास मध्ये एक पूल लागतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील शमिन पाडळकर व जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातील ग्रामीण, आदिवासी व शहरी विद्यार्थ्यांबरोबर केलेल्या कामाचे महत्त्व या ठिकाणी आहे. हातवारे व अंगाच्या हालचाली यांच्या साहाय्याने मूल स्वतः पृथ्वी होते, स्वतःभोवती फिरते, आणि मग प्रतिकृतीकडून आकृतीकडे येते. अंगणातील दृष्टी व अंतराळातील दृष्टी यांना जोडण्याचा हा प्रयत्न आहे, आणि पाठ्यपुस्तकाच्या लेखकांनी तो अभ्यासणे अगत्याचे आहे.

चारही आकृत्या पुस्तकात राहाव्यात, पण त्या पाठाच्या आरंभी न येता अखेरीस याव्यात. आज मुलाला पहिला धडा असा मिळतो की, डोळ्यांना दिसते ते एक व पुस्तकात असते ते दुसरे, आणि परीक्षेत दुसरे लिहावयाचे असते. विज्ञानाविषयी याहून अनिष्ट ग्रह दुसरा नाही. कारण जे मूल पुस्तकाच्या अधिकारावर पृथ्वी गोल मानते, ते दुसऱ्या कोणाच्या अधिकारावर उद्या काहीही मानील. ज्याने महिनोन्‌महिने काठीची सावली मोजली आहे, त्याची मात्र पुस्तकालाही पुरावा विचारण्याची तयारी झालेली असते. प्राथमिक खगोलपाठाची कसोटी याच तयारीवर लागली पाहिजे.